दुसऱ्याचं इंजिन

गाडीचं इंजिन गेलं असं सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, मग आता दुसरं टाकणार की गाडी काढून टाकणार? ते गेलं कशानं, हे विचारणारे फार थोडे. माझ्या टर्बो हॅचबॅकचं इंजिन उतरवून दुसरं चढवण्याच्या कामात मी पहिल्या बोल्टपासून शेवटच्या बोल्टपर्यंत हात काळे करून उभा होतो. त्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. इंजिन बदलताना आपण आत काय घालतो याची चर्चा खूप होते, पण जुन्या गाडीतलं काय तसंच राहू देतो यावर येणाऱ्या इंजिनाचं आयुष्य ठरतं.

गाडी मी वापरलेली घेतली होती. बॉडी धड, टायर बरे, सीटं स्वच्छ. छोट्या टर्बो गाडीची एक वेगळीच मजा असते. पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग पिकअप असा येतो की पाठ सीटला चिकटते. बॉनेटखाली एवढंसं इंजिन असेल यावर विश्वास बसत नाही. ती घेताना मी किलोमीटर पाहिले, चालवून पाहिली, कागद पाहिले. सर्व्हिसच्या नोंदी काही वर्षं नीट होत्या आणि पुढे तुटक झाल्या होत्या. वापरलेल्या गाडीत हे इतकं सर्रास आढळतं, की त्यावर अडून बसलं तर गाडीच घेता येणार नाही.

टर्बोची मूळ कल्पना मला फार सुंदर वाटते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा उष्ण वायूबरोबर सायलेन्सरवाटे निघून जातो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलं ते या वाया जाणाऱ्या वायूला कामाला लावण्याचं. बाहेर पडणाऱ्या वायूनं एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र बसवायचं, आणि त्यानं बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची. जास्त हवा आली की जास्त इंधन जाळता येतं, आणि लहान इंजिन मोठ्याची ताकद देतं. जहाजांच्या आणि विमानांच्या इंजिनांना ही युक्ती आधी लाभली. प्रवासी मोटारींत ती आली १९६२ मध्ये, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर या अमेरिकन गाड्यांतून. जेटफायरची एक गोष्ट मला नेहमी आठवते. नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा भलत्या वेळी भडका, होऊ नये म्हणून तिच्या इंजिनात पाणी आणि मेथेनॉल यांचं मिश्रण सोडलं जाई. त्याची वेगळी टाकी होती, आणि ती भरलेली ठेवणं मालकाच्या हाती होतं. टाकी रिकामी राहिली की यंत्रणा टर्बोचा दाब आपणहून कमी करी आणि गाडी मंद पडे. म्हणजे मोटारीत आली त्या दिवसापासून टर्बोनं मालकाकडे काहीतरी मागितलेलं आहे. आज ती मागते स्वच्छ ऑइल, आणि ते कमी पडलं तर आधी दाब कमी करून इशारा देण्याची सोय आता प्रत्येक गाडीत असतेच असं नाही.

ऑइलचं एवढं काय, असं वाटणाऱ्यानं टर्बोचा दांडा एकदा हातात घेऊन पाहावा. लहान मोटारीच्या टर्बोत तो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जातो. एका टोकाला ९०० अंशांवर तापलेला वायू, दुसऱ्या टोकाला बाहेरून आलेली हवा, आणि मधे हा पेन्सिलीहून बारीक दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. खाली क्रँकचंही, म्हणजे पिस्टनांच्या जोरानं फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याचंही, तेच. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली फट मिलिमीटरच्या साधारण विसाव्या भागाएवढी, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी असते. ३००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ स्फोट होतात, आणि प्रत्येक स्फोटाचा मार ती ऑइलची साय झेलते. पंपानं दाब दिला तोवर धातूला धातू लागत नाही. दाब गेला की लागतो.

माझ्या गाडीत तो गेला. इंजिन चांगलं तापलेलं असताना, गाडी उभी आणि आयडलवर, म्हणजे पाय न दाबता नुसती चालू, ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. बाजूला घेतली, बंद केली, डिपस्टिक पुसून पातळी पाहिली. बरोबर होती. पुन्हा चालू केली तेव्हा खालून जड, खोल टक-टक येत होतं. तिथेच बंद केली आणि गॅरेजला ओढून नेली.

आमचे मिस्त्री वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावलं, मूठ कानाशी धरली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. काही सेकंदांतच हात वर केला, बंद.

"वरचा आवाज नाही हा. खालचा आहे."

वरचा म्हणजे व्हॉल्व्हचा, तो हलका आणि क्रँकच्या निम्म्या वेगानं वाजतो. खालचा म्हणजे रॉडचा. मग त्यांनी एकेका सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल काढून तो सिलिंडर बंद ठेवला आणि प्रत्येक वेळी क्षणभर इंजिन चालवून पाहिलं. तिसऱ्याची कॉइल काढली तेव्हा टक-टक निम्म्यावर आली. स्फोट थांबला, रॉडवरचा भार उतरला, आवाज मंदावला. कुठलंही यंत्र न लावता इंजिनाच्या पोटातली एक विशिष्ट जागा त्यांनी अशी बोटावर दाखवली. मी आजवर पाहिलेल्या निदानांत याहून नेमकं काही पाहिलेलं नाही.

"दुसरं इंजिन बघायला सुरुवात करू का?" मी विचारलं.

"आधी हे उघडू. हे कशानं मेलं ते कळल्याशिवाय दुसरं आणायचं नाही. नाहीतर त्यालाही तेच होईल."

ऑइल काढलं. ट्रेमध्ये ते काळंभोर उतरलं, आणि उजेड पडला तसा त्यात सोनेरी-तांबूस झगमगाट दिसायला लागला. मिस्त्रींनी चुंबक फिरवलं. त्याला थोडी करडी पूड चिकटली, चमक मात्र ट्रेमध्येच राहिली. बेअरिंगच्या पट्टीत पोलादाच्या पाठीवर तांब्याच्या मिश्रधातूचा थर असतो आणि त्यावर आणखी मऊ धातूचा पातळ मुलामा. ही तांबूस चमक म्हणजे वरचा मुलामा संपून खालचा थर खरवडला गेल्याची खूण. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइल साठवणारं भांडं, उतरवलं, तिसऱ्या रॉडची कॅप सोडली. बेअरिंगच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चढून आपल्या जागेवरून फिरल्या होत्या. क्रँकचा जर्नल, म्हणजे बेअरिंग बसतं तो भाग, आरशासारखा गुळगुळीत असायला हवा, त्यावर नखाला लागतील एवढ्या खोल रेघा होत्या, आणि दोन्ही कडांना तापून निळा-जांभळा रंग चढला होता.

खरी गोष्ट पंपाच्या गाळणीत होती. चेंबरच्या तळातून ऑइल उचलणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. ती अर्ध्याहून जास्त बुजलेली होती. डांबरासारखा चिकट काळा गाळ, आणि त्यात अडकलेले लाल सिलिकॉनचे धागे. मिस्त्रींनी एक धागा चिमट्यानं ओढून काढला, कागदावर ठेवला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. चेंबर बसवताना सीलंट गरजेपेक्षा जास्त लावलं की घट्ट करताना ते दोन्ही बाजूंना फुगून येतं. बाहेरचं पुसता येतं. आतलं तसंच राहतं, गरम ऑइलमध्ये सुटतं आणि थेट गाळणीशी जातं.

"आधी कुणीतरी उघडलंय हे," ते म्हणाले. "घाईत लावलंय."

गाडीच्या कागदांत चेंबर उघडल्याची नोंद नव्हती. पण त्या दोन पुराव्यांतून आधीचा मालक मला दिसायला लागला. गाळाचा अर्थ साधारण असा, की ऑइल बदलायला फार उशीर होत असावा, आणि गाडी बहुतेक जवळच्या जवळच जात असावी. इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद होत राहिलं की ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि कच्चं इंधन उडून जात नाही आणि गाळ धरायला लागतो. कधीतरी चेंबर दगडावर आपटून गळायला लागलं असेल, कुणीतरी ते पटकन काढून लावलं असेल. त्या माणसाबद्दल मला राग आला नाही. त्यानं गाडी वापरली, जशी बहुतेक लोक वापरतात. पण वापरलेली गाडी घेणं म्हणजे एका अनोळखी माणसाच्या सवयी घेणं, हे मी त्या ट्रेकडे बघताना पुरतं समजलो. किलोमीटरचा आकडा त्या सवयींबद्दल काही सांगत नाही. आता कुणी विचारलं तर मी सांगतो, टर्बो गाडी घेताना किलोमीटर नंतर पाहा, ऑइलच्या नोंदी आधी पाहा, आणि ऑइल भरायचं झाकण काढून त्याची आतली बाजू पाहा.

आणखी एक शंका दूर करणं गरजेचं होतं. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांना एक खास रोग असतो. कमी आरपीएमला जोराचा भार आला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त घटकांचा याच्याशी संबंध आढळला, आणि म्हणून २०१८ मध्ये एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हा दर्जा आला. डब्यावरची ही अक्षरं जाहिरातीची वाटतात, पण टर्बोवाल्यानं ती वाचायलाच हवीत. आम्ही हेड उतरवून चारही पिस्टन पाहिले. ते शाबूत होते. मृत्यू ऑइलच्या उपासमारीनं झाला होता, दुसरं काही नाही.

हेच इंजिन दुरुस्त करायचं मनात होतं. पण क्रँक घासून बारीक केला तर त्या मापाची जाड बेअरिंगं मिळायला हवीत, आणि या इंजिनासाठी ती मिळत नव्हती. नव्या लहान इंजिनांपैकी बऱ्याच जणांची हीच कथा आहे. दुसरं इंजिन हवं होतं, आणि ते मागून धडक बसलेल्या गाडीतलं मिळालं. मागून धडकलेली गाडी यासाठी उत्तम, कारण इंजिनाला, रेडिएटरला, माऊंटिंगला मार लागलेला नसतो.

घेण्याआधी मिस्त्रींनी त्याची जी तपासणी केली ती पाहताना मला सतत वाटत होतं, की मी गाडी घेतानाही असंच कुणी बरोबर असायला हवं होतं. प्लग काढून क्रँक हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरवला. कुठे अडकतो का, एका जागी जड जातो का, ते मनगटाला कळतं. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते, घेतलं, आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचं, दहा टक्क्यांपलीकडचा फरक म्हणजे आत काहीतरी आहे. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तेव्हा सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यात काढलेल्या तिरप्या जाळीदार रेघा अजून स्पष्ट होत्या. ऑइल धरून ठेवण्यासाठी त्या काढलेल्या असतात, आणि घाणेरड्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात त्या पुसल्या जातात. झाकणाखाली व्हॉल्व्ह उघडणारा कॅम शाफ्ट मधासारख्या पिवळसर रंगाचा दिसला. इंजिन कोड आणि सेन्सरच्या पिना जुळवून पाहिल्या, कारण एकाच नावाच्या इंजिनात वर्षागणिक एखादा प्लग बदललेला असतो आणि तो शेवटच्या दिवशी कळला तर सगळं परत उतरवावं लागतं.

हाही दुसरा अनोळखी माणूसच. पण यानं ऑइल वेळच्या वेळी बदललं होतं, हे त्याला न भेटता सांगता येत होतं.

इंजिन काढण्याचं काम बाहेरून भीतीदायक दिसतं, प्रत्यक्षात ते शिस्तीचं आहे. बॅटरी काढायची, कुलंट आणि ऑइल सोडायचं. थेट फवाऱ्याच्या इंजिनात इंधनाचा दाब २०० बारपर्यंत आणि त्याहून वर असू शकतो, तेव्हा तो उतरवल्याशिवाय त्या नळीला पाना लावायचा नाही. एसीचा कॉम्प्रेसर नळ्यांसकट सोडवून बाजूला बांधून ठेवायचा, म्हणजे गॅस सोडावा लागत नाही. ड्राइव्ह शाफ्ट, माऊंटिंग, वायरिंग, आणि मग इंजिन-गिअरबॉक्स एकत्रच चेन ब्लॉकला लटकवून वर. बोल्ट मी पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून ज्या त्या जागी खोचून ठेवले होते. वेगवेगळ्या लांबीचे, एकाच डोक्याचे बोल्ट असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर आटे जातात किंवा ब्लॉकला तडा जातो.

जुनं इंजिन घोडीवर आणि दुसरं शेजारी, असे दोन्ही ब्लॉक उभे राहिले तेव्हा काम संपत आल्यासारखं वाटलं. मिस्त्रींच्या लेखी ते आता सुरू होत होतं.

त्यांनी पहिल्यांदा उचलला तो ऑइल कूलर. पातळ पत्र्यांच्या चळतीतून एका बाजूनं ऑइल आणि दुसऱ्या बाजूनं कुलंट जातं, असा मुठीएवढा डबा. दिसायला अगदी चांगला. मी तो धुऊन परत बसवायच्या विचारात होतो.

"याला धुवून काय होतंय? आत बघता येतंय का तुम्हाला?"

येत नव्हतं. बेअरिंग झिजताना निघालेली धातूची पूड ऑइलबरोबर सगळीकडे जाते. फिल्टर ती थांबवेल असं आपल्याला वाटतं. पण फिल्टरला बायपासचा व्हॉल्व्ह असतो. फिल्टर तुंबला किंवा ऑइल थंड आणि घट्ट असलं की तो उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे जातं. इंजिन उपाशी राहू नये म्हणून ती सोय केलेली. म्हणजे मरणाऱ्या इंजिनाची पूड कूलरच्या चळतीत जाऊन बसलेली असणार, आणि येणाऱ्या इंजिनाचं ऑइल गरम होऊन वाहायला लागलं की ती थोडी थोडी सुटून नव्या बेअरिंगवर जाणार. दुसरं इंजिन बसवल्यावर काही महिन्यांत तेही बसलं अशा ज्या कथा ऐकू येतात, त्यांतल्या कित्येकींच्या मुळाशी असा एखादा मुठीएवढा भाग असतो, अशी माझी आता खात्री आहे. लोक दोष देतात ते वापरलेल्या इंजिनाला.

त्या नजरेनं पाहायला लागलो तसा जुन्या गाडीतला एकेक भाग वेगळा दिसायला लागला. टर्बोला ऑइल देणारी बारीक नळी एक्झॉस्टच्या शेजारून जाते. इंजिन तापलेलं असताना लगेच बंद केलं की तिच्यातलं ऑइल तिथेच भाजून कोळसा होतं आणि आतलं भोक वर्षागणिक बारीक होत जातं. आम्ही ती मधोमध कापून पाहिली. आत कडक काळं अस्तर होतं, आणि वाट जेमतेम निम्मी उरली होती. बाहेरून तिला ओरखडासुद्धा नव्हता. टर्बोनं दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर उलटा केला तर त्यातून पळीभर ऑइल आलं. तो सॉल्व्हंटनं पुन्हा पुन्हा धुतला, पाणी स्वच्छ येईतो खळबळला आणि हवेनं पूर्ण वाळवला, कारण आत साचलेलं ऑइल जोराच्या दाबाबरोबर एकदम सिलिंडरमध्ये खेचलं गेलं तर तेही इंजिनाला धोक्याचं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आत दिवा धरून पाहिलं. जाळी मोकळी होती, म्हणून तो राहिला. जुना टर्बो बाजूला ठेवला. ज्या ऑइलनं क्रँक खाल्ला तेच ऑइल त्याच्या बेअरिंगमधून गेलं होतं. दुसऱ्या इंजिनाबरोबर आलेल्या टर्बोचा दांडा बोटानं हलवून पाहिला. आत-बाहेर हालचाल जाणवली नाही, आजूबाजूला किंचित, आणि तेवढी असायलाच हवी, कारण ऑइल नसताना तो दांडा मोकळाच असतो.

ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, मात्र गाडीचाच ठेवला. चावीची ओळख त्यातच बांधलेली असते. पण त्यात जुन्या इंजिनाच्या इंधनाचे शिकलेले हिशेब होते, ते पुसायला लावले. मेलेल्या इंजिनाची तेवढी आठवणसुद्धा येणाऱ्याच्या वाट्याला नको होती.

इंजिन बाहेर असतानाच जे स्वस्तात हाती लागतं ते सगळं केलं. क्रँकचं मागचं ऑइल सील, पाण्याचा पंप, टाइमिंग चेन आणि तिचा टेन्शनर, क्लच प्लेट. इनटेक मॅनिफोल्ड काढलं तेव्हा व्हॉल्व्हच्या दांड्यांवर कार्बनचे थर दिसले. थेट फवाऱ्याच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत, आणि चांगल्या निगा राखलेल्या इंजिनातही हे होतं. त्यावर अक्रोडाच्या टरफलांची भरड हवेच्या दाबानं मारतात. कार्बन निघतो, धातूला धक्का लागत नाही. काळ्या गाठीखालून चकचकीत व्हॉल्व्ह वर येताना पाहणं, हा या सगळ्या कामातला माझा सगळ्यात आनंदाचा तास.

चेंबर बसवायची वेळ आली तेव्हा सीलंटची नळी मिस्त्रींनी माझ्या हातात दिली नाही. दोन्ही पृष्ठभाग अगदी कोरडे, तेलकटपणाचा मागमूस नाही, आणि मग एक बारीक, अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. इतकी बारीक की मला ती अपुरी वाटली. "जास्त लावलं म्हणजे पक्कं होतं असं नाही," एवढंच ते म्हणाले. कागदावरचा तो लाल धागा अजून बाकावर होता.

गिअरबॉक्स जोडताना त्यांनी डॉवेल पिना मोजून घेतल्या. या पोकळ पिना इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत धरतात. त्या जुन्या ब्लॉकमध्येच राहून जातात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग केसभर तिरका बसलेला गिअरबॉक्स पुढे क्लच आणि बेअरिंगं खातो. शाफ्ट क्लचच्या आट्यांत हातानं सरकला पाहिजे, बोल्टनं ओढून आणायचा नाही. नाही सरकला तर मागे घ्यायचा, पुन्हा जुळवायचा. आम्ही तो बराच वेळ असा मागे-पुढे केला, आणि एका क्षणी तो आपोआप आत गेला.

फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घेतले होते. हे आधी ठरलेल्या टॉर्कपर्यंत, म्हणजे पिळाच्या ठरावीक जोरापर्यंत, घट्ट करायचे आणि पुढे ठरावीक अंश फिरवायचे. टॉर्क पाना आट्यांमधल्या घर्षणानं फसू शकतो, कोन फसत नाही. बोल्ट त्यात मुद्दाम ताणला जातो आणि कायमचा लांबतो, म्हणून एकदाच वापरायचा. मला ती जबाबदारी दिली होती. शेवटच्या अंशांत पाना जड होत जातो, बोल्ट लोखंडाचा असूनही किंचित लवचिक वाटायला लागतो. ती जाणीव हाताला झाली की ती विसरत नाही.

सगळं जोडून झाल्यावरही चावी फिरवली नाही. कॉइलींची जोडणी सोडलेली, इंधन बंद, प्लग काढलेले. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी काट्याचं मीटर लावलं. टर्बोच्या तोंडातून थोडं ऑइल हातानं सोडलं. मग सेल्फ मारायचा, थांबायचं, स्टार्टर थंड होऊ द्यायचा, पुन्हा मारायचा. कोरड्या इंजिनात पहिला स्फोट होण्याआधी ऑइल सगळ्या वाटांतून फिरून आलेलं असलं पाहिजे. काटा शून्यावरच होता. मिस्त्री माझ्याकडे पाहत नव्हते, काट्याकडेही नाही. ते आवाज ऐकत होते. मग सेल्फचा सूर जरा जड झाला, आणि पाठोपाठ काटा उचलला.

प्लग, कॉइली, इंधन जोडून चालू केली तेव्हा वरून क्षणभर कटकट आली आणि विरली, व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटांत ऑइल भरलं तशी. एक्झॉस्टला लागलेलं ग्रीस जळून थोडा धूर झाला. मी आनंदानं काहीतरी बोललो असेन. त्यांनी हातानंच गप्प राहायला सांगितलं, कारण त्यांना हवा होता तो आकडा अजून आलेला नव्हता. थंड ऑइल घट्ट असतं, दाब चांगलाच दाखवतं. गाडी तापून पंखा सुरू झाला, कुलंटमधली हवा निघाली, हीटर गरम वारा द्यायला लागला, पुन्हा एकदा पंखा सुरू होऊन थांबला. मग आयडलवर त्यांनी काटा वाचला, आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहिला. तो वरच होता. तेव्हा कुठे त्यांनी हात पुसले.

गाडी आता छान चालते. पहिलं ऑइल मी मुद्दाम फार लवकर बदललं, फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून पाहिला, आणि पुढचं ऑइल कंपनीनं दिलेल्या मुदतीच्या बरंच आधी बदलायचं ठरवलं. जोरात चालवून आल्यावर बंद करण्याआधी थोडा वेळ आयडलवर ठेवतो. बऱ्याच देशांत इंजिनाचा क्रमांक गाडीच्या नोंदणीत असतो, तसा माझ्याही गाडीच्या होता. तो बदलून घेण्याचं कागदी काम केलं. ते कंटाळवाणं आहे, पण टाळू नये. पुढे विकताना किंवा विम्याच्या वेळी ब्लॉकवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळला नाही तर प्रामाणिक माणूसही चोर ठरतो.

आणि एक फाइल केली आहे. ऑइलच्या प्रत्येक बदलाची तारीख, किलोमीटर, डब्यावरचा दर्जा. बदललेल्या भागांची यादी, आणि न बदलता ठेवलेल्या भागांचीही, का ठेवले त्यासकट. दुसऱ्या इंजिनाचे कॉम्प्रेशनचे आकडे. रेघा पडलेल्या क्रँकचा आणि बुजलेल्या गाळणीचा फोटो. एका स्नेह्यानं ते फोटो काढून टाकायला सुचवलं, गिऱ्हाईक बिथरेल म्हणाला. बिथरेलही. पण गाडी कधी विकली तर पुढच्या माणसानं ती कुणाच्या सवयींसकट घेतली हे त्याला आधीच वाचता यायला हवं, म्हणून ते फोटो मी अगदी पहिल्या पानावर लावले आहेत, खाली तारीख घालून.